बाई मधोमध बसली पाहिजे

दुबईत गाडी मुद्दाम उन्हात लावायला सांगणारा माणूस मला एकच भेटला. इथे लोक सावलीच्या एका तुकड्यासाठी इमारतीला चार चकरा मारतील, शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरतील. आणि हा गृहस्थ भर जूनमध्ये, अल क्वोजमधल्या एका शेडबाहेर उभा राहून मला हाताने खुणा करत होता. "सावलीत नको ताई, उन्हात घ्या. त्या भिंतीपुढं. अजून पुढं."

मी काच खाली करून म्हटलं, "अहो, भट्टी होईल गाडीची!"

"व्हायलाच पायजे," ते म्हणाले आणि आत चहा ठेवायला निघून गेले.

हे हनीफभाई. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. बारीक अंगकाठी, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात कायम एक पेचकस आणि एक चौकोनी सेल. त्यांच्या शेडला नाव नव्हतं. शटरवर कुणीतरी अरबीत आणि इंग्रजीत फक्त 'रेडिओ' असं रंगवलं होतं, त्यातली इंग्रजी अक्षरं उन्हाने उडाली होती. शेजारी गुल नावाच्या पठाणाचं टायरचं दुकान. तिथला हवेचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडायचा, आणि त्या धडधडाटात बसून हनीफभाई जुन्या गाड्यांचे स्पीकर बदलायचे. नव्या गाड्या ते घेत नसत. नव्या गाडीला माझी काय गरज, असं म्हणायचे.

माझी गाडी तेव्हा चौदा वर्षांची होती. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पाच वेळा आपटून सहाव्यांदा पास झाल्यावर मी ती घेतली होती, सेकंडहँड. तिच्यावर माझा जीव का आहे हे त्या पाच वेळांत माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या परीक्षकांनाच कळेल. तर तिचे मागचे स्पीकर गेले. रेडिओवरची निवेदिका तोंडात पापड धरून बोलतेय असं वाटायचं. नवरा म्हणाला, "विकून टाक." माझी लेक ईशा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, जस्ट यूज युअर फोन." मॉलमधल्या दुकानातल्या पोराने तर अख्खी सिस्टिमच बदलायला सांगितली. "ओन्ली थ्री थाउजंड दिरहॅम्स, मॅडम." म्हणजे सत्तर हजार रुपये! गाडीची तरी तेवढी किंमत उरली होती की नाही कोण जाणे. उंटावरच्या शहाण्यांची या देशात मुळीच टंचाई नाही.

शेवटी ऑफिसातली वसईची जोव्हिता म्हणाली, "अगं, क्वोजच्या मामाकडे जा. जरा विचित्र आहे, पण काम झाल्यावर रडशील." मला ते तेव्हा कळलं नाही.

अर्ध्या तासाने हनीफभाई बाहेर आले. गाडी हाताला चटका देण्याइतकी तापली होती. ते मागच्या बाजूने आत शिरले आणि त्यांनी सीटची बैठक एका हिसक्यात उचलली. मग खिडकीकडच्या पट्ट्या, मग मागच्या काचेखालची ती लांब फळी, जिच्यावर आपण छत्री आणि टिश्यूचा डबा ठेवतो. तिच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकेक करून हलक्या आवाजात सुटत गेल्या. एकही तुटली नाही.

"जुनं प्लास्टिक म्हाताऱ्या माणसासारखं असतं, ताई. गारठ्यात ओढलं तर मोडतं. ऊब दिली की ऐकतं."

फळीखालून निघालेले ते दोन लंबगोल स्पीकर त्यांनी माझ्यापुढे धरले. कडेच्या फोमला मी बोट लावलं तर काजळीसारखी पूड हाताला आली. मी उन्हाच्या नावाने काहीतरी पुटपुटले. ते लगेच म्हणाले, "ह्याच उन्हानं मारला आणि ह्याच उन्हानं क्लिपा सुटल्या. त्याला नावं ठेवू नका."

पुढचं काम मी ऑफिसला दांडी मारून बघत उभी राहिले. निघालेले स्क्रू ते एका वर्तमानपत्रावर मांडत, जसे गाडीत होते तशाच जागी. एक स्क्रू दुसऱ्याच्या भोकात गेलेला त्यांना चालत नसे. "ज्याचा त्याचा शेजार असतो," म्हणायचे. नव्या स्पीकरच्या दोन तारांना ते खिशातला सेल टेकवत आणि पडद्याकडे बघत. सेल टेकला की पडदा बाहेर उडी मारतो. दोन्ही स्पीकरांचे पडदे बाहेरच आले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत झाला, की दोघं एकमेकांचा आवाज खातात आणि मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही की आपल्या गाडीत काय बिघडलंय.

सगळं जोडून झालं. आता गाणं लावतील म्हणून मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्यांनी रेडिओतून एक नवी वायर काढून दिली होती, ती स्वतःच्या फोनला लावली, पुढचे स्पीकर बंद केले, आणि माझ्या मानेमागून एक बाई म्हणाली, "तांदूळ संपत आलेत."

मी दचकून मागे बघितलं. सीट रिकामी होती.

"पावसाआधी कौलं फिरवायला पायजेत, मी एकटी किती बघू? शेजारच्यांनी कुंपण घातलं ते आपल्या फणसाला चिकटवून घातलंय. मी बोलले त्यांना. सोडलं नाय. तुम्ही तिकडं वेळेवर जेवता का? खोटं सांगू नका. बरं, ठेवते आता."

इथे हनीफभाईंनी बोट लावून आवाज बंद केला. "कुठं बसली बाई?" त्यांनी विचारलं.

"कोण बाई?"

"असं नाय. डोकं दोन सीटांच्या मध्ये आणा. डोळे मिटा." त्यांनी पुन्हा लावलं. मी डोळे मिटले. आणि खरंच सांगते, अंगावर काटा आला. मागच्या सीटवर, अगदी मधोमध, एक तरुण बाई पदर सावरून बसली होती आणि मला तांदळाचं सांगत होती. तिच्या श्वासाची जागासुद्धा मला बोटाने दाखवता आली असती.

"मधोमध," मी म्हटलं.

"मग झालं काम," ते म्हणाले.

गाण्यावर ते स्पीकर कधीच तपासत नसत. गाणं लबाड असतं, दहा वाद्यांच्या आड सगळं लपवतं; माणूस नुसता बोलायला लागला की स्पीकरची सगळी लफडी उघडी पडतात, असं त्यांचं मत. तारा उलट्या जोडल्या गेल्या तर ती बाई सीटवर बसतच नाही. गाडीबाहेर कुठेतरी उभी राहून बोलल्यासारखी वाटते. एक स्पीकर कमजोर असला तर एका दाराशी सरकते. बाई मधोमध बसल्याशिवाय गाडी शेडबाहेर जायची नाही, हा तिथला कायदा. आणि त्या कायद्याचं दुसरं कलमही त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, स्क्रू पिळता पिळता, सहज. "ज्या दिवशी बाई कुठं बसली ते मला कळणार नाय, त्या दिवशी शटर खाली."

ती बाई म्हणजे त्यांची बायको, जमीला. ती कधीच दुबईला आली नव्हती. पण अल क्वोजच्या त्या गल्लीत तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता. गुल पठाण टायर ठोकता ठोकता ओरडून विचारायचा, "हनीफभाई, बाई बैठ गया?" जुन्या जीपची हौस असलेले एक वयस्कर अमिराती गृहस्थ होते, बू सालेम. त्यांना मराठीचं अक्षर कळत नसे, पण आले की पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा सावरत, दोन्ही हात पसरून विचारायचे, "तांदूळ खलास?" हनीफभाई उत्तर द्यायचे, "खलास, हबीबी!" आणि दोघं पोरांसारखे हसायचे. खाडीकाठच्या त्या घरातला तांदूळ गेली तीस वर्षं संपत आला होता, आणि त्याची काळजी अर्ध्या दुबईला होती.

मी मग काही ना काही निमित्त काढून तिकडे जायला लागले. कधी दाराची खडखड, कधी नुसताच बिनदुधाचा सुलेमानी चहा. अशाच एका शुक्रवारी फोमचा डिंक वाळायची वाट बघत आम्ही बसलो होतो. मी विचारलं, "ते रेकॉर्डिंग तुम्ही नेहमी 'ठेवते आता'ला का थांबवता? पुढे काय आहे?"

त्यांनी डिंकाला बोट लावून बघितलं. मग सांगायला लागले.

इथे आले तेव्हा ते गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. स्पीकरमधलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. एका खोलीत आठ जण. घरी फोन नाही, जमीलाला लिहिता येत नव्हतं. तेव्हा गावचा कुणी सुट्टीवरून परत यायचा तो कॅसेटी घेऊन यायचा. बायका घरी टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलायच्या, आणि ते बोलणं इथे पोचायचं. असं एकदा जमीलाचं आलं; पुढे फोनमध्ये उतरवून घेतलेलं रेकॉर्डिंग ते हेच. तांदूळ, कौलं, कुंपण सांगून झालं. 'बरं, ठेवते आता' म्हणाली आणि टेप बंद न करताच उठून गेली.

"विसरली हो! अख्खी बाजू संपेपर्यंत टेप चालूच. खोलीतल्या डबड्यावर लावलं तर पुढं नुसती खरखर. मला वाटलं, फुकट गेली कॅसेट."

मग एक दिवस एका मोठ्या गाडीचा एसी बसवल्यावर, मालक यायचा होता म्हणून, त्यांनी ती कॅसेट त्या गाडीत लावली. मागे चांगले स्पीकर होते. तांदूळ झाला, कौलं झाली, ती उठून गेली. आणि त्या खरखरीतून एक बारीक आवाज वर आला. कुर्र, कुर्र. पाळण्याच्या कडीचा.

"मी इकडं आलो तेव्हा पोरगा पोटात होता, ताई. पाळणा मी बघितलेलाच नव्हता. त्या दिवशी मला कळलं, पाळणा मधल्या खोलीत टांगलाय. आवाज घुमत होता ना, मधल्या खोलीतच तसा घुमतो. मी मालकाच्या गाडीत बसून रडलो. अख्खं घर होतं हो त्या कॅसेटमध्ये, आणि मला ऐकू येत नव्हतं. कॅसेट चांगली होती. माझा स्पीकर वाईट होता."

एवढ्यासाठी हा माणूस स्पीकरचं काम शिकला. घरात आणखी आत जाता यावं म्हणून. आधी विहिरीवरचा रहाट ऐकू आला. मग चांगल्या स्पीकरवर कोंबड्या. मग भांडी, आणि भांड्यांच्या पलीकडे पाऊस पडावा तसं काहीतरी, ते तांदूळ निवडणं निघालं. एका आवाजावर ते अडून बसले होते. चुलीत फुंकणी मारल्याचा आवाज, पण तो स्वयंपाकघरातून येत नव्हता, मोकळ्यावर येत होता. वर्षभर ऐकल्यावर त्यांनी ठरवलं की जमीलाने चूल पडवीत हलवली आहे. पुढे सुट्टीवर घरी गेले ते बॅग ठेवून, कुणाला न विचारता, सरळ पडवीत चुलीपाशी जाऊन बसले.

"ती बघतच राहिली. म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं चूल इथं आणली म्हणून?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तूच."

आपण देवळात किंवा डोंगराच्या टोकावर गेल्यावर जसे गप्प होतो तशी मी त्या टायरच्या वासात, कॉम्प्रेसरच्या धडधडाटात गप्प बसले. आम्ही रोज घरच्यांशी बोलतो, आणि बोलणं संपायच्या आत कंटाळतो. या माणसाने बायकोच्या एका विसराळूपणातून घर उभं केलं होतं, आणि राहायला त्यात गेला होता.

फक्त प्रत्यक्षात कायमचं जायचं तेवढं राहून जात होतं. दर वर्षी 'इन्शाल्ला, पुढच्या वर्षी कायमचा जाणार.' पाळण्यातला पोरगा शिकून नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, हे आपले अल क्वोजमध्ये. जमीला आता फोनवर व्हॉइस मेसेज पाठवायला शिकली होती आणि त्यातला प्रत्येक मेसेज 'कधी येताय?'वर संपायचा. मी एकदा आगाऊपणा करून विचारलं, तर म्हणाले, "अजून कान चालतोय. कान चालतोय तोवर गाड्या येतायत. गाड्या टाकून कसा जाऊ?" मला त्यांचा राग आला होता. तिथे खरी बाई वाट बघतेय आणि हे इथे तिच्या आवाजाला परक्या गाड्यांत बसवतायत! पण तसं बोलायची माझी छाती झाली नाही.

आणि मग गेल्या हिवाळ्यातला तो दिवस. मी माझ्या गाडीच्या रेडिओचं एक बटण दुरुस्त करून घ्यायला गेले होते. शेडमध्ये बू सालेमची जीप उभी होती, तिचा मागचा भाग अख्खा उघडा. हनीफभाई घामाघूम.

"बाई उजवीकडं सरकते," ते म्हणाले. आवाजात चिडचिड होती, ती मी कधी ऐकली नव्हती. "तिसऱ्यांदा उघडलं. तारा बदलल्या. स्पीकरांची अदलाबदल केली. तरी उजवीकडंच."

त्यांनी मला बसवलं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी डोकं दोन सीटांच्या मध्ये आणलं, डोळे मिटले. तांदूळ संपत आले होते. बाई मधोमध बसली होती. मी तसं सांगितलं.

"नीट ऐका."

"मधोमधच आहे हो."

त्यांनी गुलला हाक मारली. गुल हात पुसत आला, डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "बीच में है, हनीफभाई. एकदम बीच में."

मग हनीफभाईंनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते पुढच्या सीटवर चढले, आणि गुडघ्यांवर उलटे बसले, मागच्या काचेकडे तोंड करून. डोकं पुन्हा दोन सीटांच्या मध्ये. डोळे मिटून म्हणाले, "लावा."

जमीला बोलली. 'बरं, ठेवते आता' झालं. त्यांनी डोळे उघडले.

"आता डावीकडं गेली," ते म्हणाले, अगदी शांतपणे. "गाडीचा दोष असता तर बाई जिथल्या तिथं राहिली असती. ही माझ्याबरोबर फिरते. माझ्या उजव्या कानाशीच बसते. डावा कान गेला."

शंभर गाड्यांचा दोष शोधावा तसा त्यांनी स्वतःचा शोधला होता. खाली उतरून त्यांनी जीपची फळी बसवली, स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी पिळले, हात धुतले. बू सालेम आले तेव्हा त्यांना हिंदी-अरबीच्या खिचडीत सगळं समजावलं. ते बिचारे गयावया करायला लागले. कान तपासू, मोठा डॉक्टर बघू, ऐकायला एखादा माणूस ठेव, तू फक्त हात चालव. डॉक्टरांना हनीफभाई दाखवूनही आले, आणि डॉक्टरांनी नवं काही सांगितलं नाही. माणूस ठेवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

"दुसऱ्याच्या कानानं माझ्या बायकोला कसं बसवू?" ते मला म्हणाले. आणि मग, "उजवा हाय अजून. त्याच्यात खरं घर ऐकून घेतो."

महिन्याभरात शटर खाली आलं. अवजारं गुलकडे गेली. विमानतळावर सोडायला मी जाणार हे मीच ठरवलं, बू सालेमशी भांडून. ते जीप घेऊन यायला निघाले होते.

दुपारचं विमान होतं. दोरीने बांधलेले दोन खोके डिकीत गेले. मी पुढचं दार उघडलं, तर हनीफभाई मागचं दार उघडून आत बसले, अगदी मधोमध, मांडीवर एक छोटी पिशवी धरून. ती जागा कुणाची ते मला ठाऊक होतं, त्यांनाही.

शेख झायेद रोडला लागायच्या जरा आधी त्यांचा फोन वाजला. जमीलाचा व्हॉइस मेसेज. त्यांनी फोन उजव्या कानाला लावला, मग काढला, आणि पुढे माझ्याकडे दिला. "वायर हाय ना अजून? लावा. आवाज मागं घ्या."

सिग्नल लाल झाल्यावर मी वायर लावली, पुढचे स्पीकर बंद केले. तोच आवाज, पण म्हातारा झालेला. जरा जाड, जरा धापेचा.

"निघालात का? तांदूळ भरलेत घरात, वाटेत काय घेत बसू नका. कौलं फिरवून झाली. फणस लागलेत, कुंपणाच्या त्या बाजूला जास्त लागलेत, ते मी काढून घेतले. विमानात दिलं तर जेवा. बरं, ठेवते आता."

आणि मेसेज संपला नाही. पावलं दूर गेली. भांडं आपटलं. कोंबडी ओरडली. तीस वर्षांनी बाईसाहेब पुन्हा बंद करायला विसरल्या होत्या.

मी आरशात बघितलं. हनीफभाई ऐकत होते, मान एका बाजूला कलती करून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"ताई," ते म्हणाले, "मला आता कळत नाय. तुम्ही बघा. कुठं बसली?"

सिग्नल अजून लाल होता. मी डोकं दोन सीटांच्या मध्ये आणलं आणि डोळे मिटले.

"मधोमध, हनीफभाई."

मागून गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, म्हणून मी डोळे उघडले. आरशात ते मांडीवरची पिशवी उचलून खिडकीकडे सरकत होते, तिला बसायला जागा करून देत.